मागचे बूच

मिस्त्रींनी लोखंडी पंचाचे टोक इंजिनाच्या बुचाच्या खालच्या काठावर टेकवले, हातोडी उचलली, आणि नेमके तेव्हाच त्यांना आठवले, की बाईंच्या पत्राला अजून उत्तर दिलेले नाही.

हातोडी तशीच हवेत राहिली.

"काय झालं?" पलीकडून दिवा धरून उभ्या असलेल्या धाकट्या भावाने विचारले. "मुहूर्त बघतोस का?"

"दिवा जरा खाली घे."

त्यांनी ठोका मारला. बूच फिरायला हवे होते, ते फिरलेच नाही. पंचच गंजलेल्या पत्र्यातून आरपार गेला. आत साठून राहिलेले तांबूस पाणी मनगटावरून ओघळत त्यांच्या कोपरापर्यंत आले.

"याला बूच म्हणायचं की चाळण?" धाकटा म्हणाला. "डॉक्टर इतके दिवस गाडी चालवत होते की देवाच्या भरवशावर सोडत होते?"

पकडीने ते चिंधी झालेले बूच ओढून काढून मिस्त्रींनी ताटलीत टाकले आणि दिवा पुढच्या बुचाकडे वळवायला सांगितले.

इंजिनचा ब्लॉक ओततात तेव्हा त्याच्या पोटात वाळू असते. ती बाहेर काढण्यासाठी ठेवलेली भोके मग पत्र्याच्या लहान वाटीसारख्या बुचांनी बंद करतात. बाहेरून ही बुचे वर्षानुवर्षे ठणठणीत दिसतात. गंज चढतो तो आतून, पाण्याच्या अंगाने. एक गळायला लागले की बाकीचीही त्याच वाटेवर असतात, म्हणून मिस्त्री एकच बूच बदलून गाडी कधी परत देत नसत. खोलले की सगळी बदलायची. हा त्यांचा नियम गिऱ्हाइकांना पाठ होता, आणि बाईंच्या पत्रातला पेच त्या नियमातूनच निघाला होता.

बाई पूर्वी याच गल्लीच्या टोकाला राहत आणि शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त झाल्यावर त्या डोंगरावरच्या गावी नणंदेच्या सोबतीला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी गाडी मिस्त्रींकडून नीट करून घेतली होती: क्लच नवा, बुचे नवी. आता तिथून त्यांनी लिहिले होते:

"मिस्त्री, फोनवर तुम्ही 'हं'च्या पलीकडे काही बोलत नाही, म्हणून पत्र लिहिते. गाडी पाणी खाते आहे. थोडेच, पण खाते. इथला मेकॅनिक चांगला मुलगा आहे. बाजूची सगळी बुचे त्याने पाहिली. ती तुम्ही बसवलेली आहेत आणि कोरडी आहेत. तो म्हणतो, एक बूच मागे, गिअरबॉक्सच्या आड असते. क्लच बदलला तेव्हा तुम्ही तेही बदलले असेल, तर तो गळती दुसरीकडे शोधील. नसेल, तर गिअरबॉक्स उतरवील. उतरवायचा म्हणजे गाडी बरेच दिवस अडकणार, आणि वन्संना दर गुरुवारी खाली दवाखान्यात न्यावे लागते. येताना त्या मागच्या सीटवर झोपलेल्या असतात. त्या चढावर गाडी बंद पडून चालणार नाही. तेव्हा फक्त हो किंवा नाही एवढे कळवा. तुमच्या शब्दावर मी निर्धास्त असेन."

पत्र येऊन महिना उलटला होता. दर आठवड्याला दवाखान्याचा दिवस आला, की मिस्त्रींचे दुपारपर्यंत कशात लक्ष लागत नसे. संध्याकाळ झाली, की आता त्या पोचल्या असतील असे म्हणून ते थोडे सैल होत.

गॅरेजच्या मागच्या भिंतीतला दरवाजा सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात उघडे. बायको चहा घेऊन आली. कप मडगार्डवर ठेवू नये हे तिला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच शिकवलेले होते, म्हणून ती ते उभ्या ड्रमवर ठेवून म्हणाली,

"अहो, बाईंना उत्तर टाकलंत का?"

"टाकतो."

"एका शब्दाचं उत्तर. हो, नाहीतर नाही. त्याला महिना लागतो? त्या काय निबंध मागतायत?"

"वहिनी, दादाचा कच्चा मसुदा चालू आहे," धाकटा म्हणाला. "आज 'ह' काढतील. काना-मात्रा पुढच्या महिन्यात."

"तू नको हसूस. भूगोलात तुला बाईंनी नापास केलं होतं."

"म्हणून तर कुठे गेलो नाही. रस्ता चुकायला नको, म्हणून जन्मभर इथंच बसलोय."

ती हसली, पण जाताना मिस्त्रींकडे एकदा पाहून गेली. ते भोकाच्या कडेचा गंज पॉलिश पेपरने घासत होते. आतला धातू चकचकीत होऊन गेला होता, तरी घासत होते.

"खरंच लिहून टाक ना, हो म्हणून," धाकटा म्हणाला. "गिअरबॉक्स खाली होता. बूच हाताशी होतं. तू ते सोडशील? मी सोडीन. तू नाही."

ते काम झाले तेव्हा धाकटा इथे नव्हता. सासरे आजारी म्हणून तो सासरी गेला होता आणि मिस्त्रींनी एकट्यानेच गिअरबॉक्स साखळीला टांगून उतरवला होता. हे त्यांना लख्ख आठवत होते. जळक्या क्लचचा वास आठवत होता. साखळी एकदा सटकली होती, तेही. मग क्लचमागचे जड चाक, फ्लायव्हील, काढलेले, आणि त्यामागे कडेने ओले, तांबडे झालेले एक बूच. ते पाहून आपण मोठ्याने म्हणालो होतो, 'चला, हेही घेऊन टाकू.' हे वाक्यसुद्धा जसेच्या तसे आठवत होते. पण ते बूच बाईंच्या गाडीचे होते, की त्याच सुमारास आलेल्या दूधवाल्याच्या व्हॅनचे, हे काही केल्या ठरत नव्हते. कधी ते बाईंच्या गाडीत दिसे, कधी व्हॅनमध्ये. जितके जास्त आठवावे तितके ते दोन्ही गाड्यांत सारखेच नीट बसे.

त्यांचे वडील शेवटी शेवटी अंगणात बसून सायकलचा एकच पंप खोलत आणि जोडत. जोडून झाला की विचारत, "हा खोलायचा राहिलाय ना?" घरातले सगळे हसत. मिस्त्रीही हसत.

दुपारनंतर नवी बुचे बसवायला सुरुवात झाली. हे काम मिस्त्रींच्या आवडीचे. भोक कोरडे करायचे, कडेला फट बुजवणाऱ्या सीलंटचा पातळ हात फिरवायचा, बूच सरळ धरायचे, वाटीत बरोबर मावेल असे पान्याचे सॉकेट त्यावर ठेवायचे आणि हलके हलके ठोके द्यायचे. आधी आवाज पोकळ येतो. बूच जागेवर बसले की तो एकदम भरीव होतो. तिथे थांबायचे. एक ठोका जास्त झाला तर बूच आत जाते. कडेने बाहेर आलेले सीलंट फडक्याने पुसून टाकायचे. दुसऱ्याच्या गॅरेजात बसवलेल्या बुचांभोवती सीलंटची ओघळ वाळलेली दिसे. ती पाहिली की मिस्त्री नाक मुरडत.

पहिले बसले. दुसरे बसले.

"अहो, जरा या हो," आतून हाक आली. "नळ बंदच होत नाहीये."

ते गेले. नळाची चकती झिजली होती. मुख्य कॉक बंद करून, नवी आणतो म्हणून सांगून, हात पुसत ते परत आले. तिसरे बूच बसलेले होते. म्हणजे हाक आली तेव्हा त्यांनी ते बसवून पूर्ण केले होते. भोवतालची कड स्वच्छ होती.

ते वाकून पाहत राहिले.

"तिसऱ्याला सीलंट लावलं का रे मी?"

"लावलं असशील की."

"पाहिलंस?"

"मी इकडे नट धुतोय." धाकटा रॉकेलच्या डब्यात हात घालून बसला होता. "दादा, तू न लावता बसवशील का?"

मिस्त्रींनी दिवा जवळ नेला. कड स्वच्छ होती. दुसऱ्या बुचाची कडही तशीच होती. डब्यातला ब्रश ओला होता. तो ओला असणारच. फडक्यावर डाग होते. ते कोणत्या बुचाचे, हे डाग थोडेच सांगणार? हाक आली, तेव्हा आपल्या हातात काय होते? हातोडी. त्याआधी? त्याआधी दुसरे बूच. मधला तुकडा कोणी कापून नेल्यासारखा गेला होता.

त्यांनी पंच उचलला.

"ए दादा, काय करतोस?" धाकटा उठला. "पाणी भरून बघू की. गळलं तर काढू."

"आज नाही गळणार. सहा महिन्यांनी गळेल. कुठेतरी रस्त्यात."

"अरे, तेवढीच बुचं आणलीत. जास्तीचं नाहीये."

ठोका बसला. बूच एका अंगाने आत आणि दुसऱ्या अंगाने बाहेर आले, पकडीत धरल्यावर वाकले, आणि कुरकुरत निघाले. मिस्त्रींनी ते दिव्याखाली धरले. कडेभोवती सीलंटचे एकसारखे कडे होते, कुठेही न तुटलेले. बोट लावले तर बोटाला चिकटले.

"झालं समाधान?" धाकट्याने ते त्यांच्या हातातून घेतले. "बघ. अखंड. कंपनीत सुद्धा असं लावत नाहीत. डोक्याला काय म्हणायचं ते म्हणू दे, तुझा हात चुकत नाही. एक बूच गेलं वाया, जाऊ दे. आता बाईंना लिही, हो. विषय संपला."

मिस्त्री बोटावरचे सीलंट फडक्याने पुसत होते. ते निघत नव्हते. त्यांनी वाकलेले बूच पुन्हा मागून घेतले, उलटे करून पाहिले, बाकावर ठेवले, आणि थोड्या वेळाने परत उचलून पाहिले.

धाकट्याचे हसू तोंडावरच राहिले. मग तेही गेले.

"दादा, हे कधीपासून?"

"बाईंचं पत्र आलं तेव्हापासून लक्षात येतंय. त्याआधीचं कोण सांगणार?"

धाकट्याने रॉकेलचा डबा पायाने उगाच बाजूला सरकवला. "म्हणून उत्तर नाही दिलंस?"

मिस्त्रींनी वाकलेले बूच ताटलीत टाकले.

"हे बघ," धाकटा आवाज उतरवून म्हणाला. आतला दरवाजा उघडाच होता. "तू बदललं असणार. शंभर टक्के. आत्ताचंच बघ ना. वाटलं नव्हतं, पण लावलेलं निघालं की नाही?"

"निघालं. काढून बघितलं, म्हणून."



गुरांचे डॉक्टर संध्याकाळी गाडी न्यायला आले. उंच, घाईतला माणूस; बूट नेहमी चिखलाचे. गाडी तयार नाही म्हटल्यावर ते खांबाला टेकले.

"उद्या पहाटे एका म्हशीला बघायला जायचंय हो. तिला काय सांगू?"

"डॉक्टर, एक बूच खराब निघालं," धाकटा चटकन म्हणाला. "आजकाल माल काय येतो, तुम्हांला माहीतच आहे."

"बूच चांगलं होतं," मिस्त्री म्हणाले. "मीच काढलं."

"का?"

"सीलंट लावलं होतं की नाही, ते आठवेना."

डॉक्टरांनी मिस्त्रींकडे पाहिले. "आणि लावलं होतं?"

"होतं."

"मग ठीकच झालं," डॉक्टर म्हणाले. पण लगेच निघाले नाहीत. इतक्या वर्षांत बॉनेटखाली त्यांनी कधी डोकावले नव्हते. चावी बाकावर टाकून जायचे आणि बाकावरून घेऊन जायचे. आज ते दोन्ही हात मागे बांधून इंजिनावर वाकले, बसवलेल्या बुचांकडे, नळ्यांकडे, वायरींकडे पाहत राहिले. त्यातले काय पाहायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, तरी पाहिले. "म्हशीकडे स्कूटरनं जातो," असे म्हणून ते गेले.

"गरज होती?" धाकटा म्हणाला.

मिस्त्री हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच धाकटा स्वतः जाऊन बूच घेऊन आला. एक जास्तीचेही आणले होते, ते त्याने न बोलता फळीवर ठेवले. मग दिवा घेऊन मिस्त्रींच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल असा उभा राहिला.

मिस्त्रींनी भोक पुसले.

"भोक कोरडं," धाकटा म्हणाला.

मिस्त्रींना वाटले, चेष्टा करतोय. त्यांनी ब्रश उचलला आणि कडेने फिरवला.

"सीलंट लावलं."

त्यांनी मान वर केली. धाकटा त्यांच्याकडे पाहतच नव्हता. तो भोकाकडे पाहत होता, शाळेत उत्तर पाठ म्हणताना पाहत असे तसा, तोंड एवढेसे करून.

"बूच सरळ," तो म्हणाला.

मिस्त्रींनी सॉकेट ठेवले. ठोके पोकळ आले, मग भरीव.

"बसलं," दोघेही म्हणाले.

पुढची बुचेही तशीच गेली. उतरवलेला धुराच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड परत चढवला, पाणी भरले, गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला आणि इंजिन बराच वेळ चालू ठेवले. पुठ्ठ्यावर एक थेंब पडला नाही. मिस्त्री गुडघ्यांवर बसून दोनदा पाहून आले. तिसऱ्यांदा धाकट्यानेच जाऊन पाहिले.

डॉक्टर आले, गाडी सुरू करून कान देऊन ऐकले.

"ब्रेक पण करायचे होते," ते खिडकीतून म्हणाले. "पुढच्या महिन्यात." मग गिअर टाकता टाकता, "बघू," म्हणाले आणि गेले.

त्या 'बघू'वर धाकटा काहीतरी बोलणार होता. मिस्त्री हात धुवायला गेले.

हात धुऊन ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. पोस्टकार्ड कपाटात होतेच. पत्र आले त्याच आठवड्यात आणून ठेवलेले. नळाची नवी चकती बायकोने सकाळीच आठवण करून देऊन आणवली होती आणि बसवून घेतली होती. ती भाजी निवडत होती. ते लिहू लागले, तसे तिने हात थांबवले, पण वर पाहिले नाही. पेन बराच वेळ चालला. मग त्यांनी कार्ड तिच्याकडे सरकवले.

"बाई, नमस्कार. मागचे बूच मी बदलले की नाही, हे मला सांगता येत नाही. बदलले असावे असे वाटते. पण माझ्या वाटण्यावर तुम्ही वन्संना घेऊन तो चढ चढू नये. गिअरबॉक्स उतरवून बघायला सांगा. त्या मुलाला म्हणावे, फ्लायव्हीलही काढ. नुसता गिअरबॉक्स उतरवून ते बूच दिसत नाही. बसवताना बोल्ट समोरासमोरचे आवळत जा. तोवर दवाखान्यासाठी दुसरी गाडी करा. हे महिन्यापूर्वीच लिहायला हवे होते. मिस्त्री."

तिने वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"मला वाटायचं, आळस करताय," ती म्हणाली.

"आळस असता तर बरं झालं असतं."

तिने कार्ड टेबलावर पालथे ठेवले, मग सरळ केले. "पाकिटात घालू या. उघड्या कार्डावरचं पोस्टात चार जण वाचतात. त्यातले दोघं तुमचे गिऱ्हाईक आहेत."

"पाकीट आणायचं म्हणजे उद्यावर जाईल."

"मी आणते ना आत्ता."

"उद्या दवाखान्याचा दिवस आहे," मिस्त्री म्हणाले.

कार्ड आज टाकले तरी उद्यापर्यंत पोचणार नव्हते, हे दोघांनाही कळत होते. ती उठली, ओटा पुसला, आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"आधी त्यांना फोन लावा. 'हं'च्या पलीकडे एवढं एकच वाक्य बोला. नाहीतर मी बोलते."

त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून उचलला गेला. मिस्त्री उभे राहून बोलले. "बाई, मी मिस्त्री. उद्या गाडी काढू नका. ... हं. ... नाही, तसं नाही. ... हं. कार्ड टाकतोय, त्यात सगळं आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसले.

"झालं की आता. कार्ड कशाला?" बायको म्हणाली.

"त्यांनी पत्रानं विचारलंय. पाकीट राहू दे."

दोघे गल्लीतून निघाले. धाकटा गॅरेजच्या दारात टायर टेकवून उभा होता. त्याने कुठे म्हणून विचारले नाही. फक्त रस्त्यातली पाण्याची नळी उचलून त्यांना वाट दिली. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर, बंद पडलेल्या छापखान्याच्या भिंतीला होती. मिस्त्रींनी कार्ड फटीत अर्धे घातले आणि तसेच धरून ठेवले. रस्त्याने जाणाऱ्या एकाने नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, आणि त्या हलण्यातच बोटे सुटली. कार्ड पडल्याचा आवाजही आला नाही.

परत फिरून थोडे पुढे गेल्यावर ते थांबले.

"पत्ता लिहिला होता ना मी?"

"लिहिला होता. वाचला मी."

"पूर्ण?"

"पूर्ण. आणि नसता लिहिला, तरी ती पेटी काही तुम्हांला पंच घालून उघडू द्यायचे नाहीत. चला."

मिस्त्रींनी पेटीकडे एकदा पाहिले, आणि ते चालू लागले.